बोलक्या इंजिनाचा धकाते

मॉडेल रूममध्ये शिरल्याशिरल्या कोणी "वा, काय मस्त खेळणं आहे!" म्हणालं, की नामदेव धकातेच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. समोर साहेब असो की साहेबाची बायको, तो शांतपणे दारापर्यंत जायचा, दार उघडून धरायचा आणि म्हणायचा, "खेळण्याचं दुकान सीताबर्डीवर आहे. इथं शाळा चालते." एकदा तर एका बड्या साहेबांच्या मातोश्रींना त्यानं असंच दार दाखवलं. त्या बाई हसल्या म्हणून निभावलं. मी शेजारी उभा होतो, माझाच जीव खालीवर झाला.

आम्ही दोघं नागपुरात रेल्वेच्या एका प्रशिक्षण शाळेत शिकवत होतो. ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी नियमांचं पुस्तक शिकवायचो, म्हणून तो मला 'पंडित' म्हणायचा. तो विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं शिकवायचा, आणि मॉडेल रूम त्याच्या ताब्यात होती. ताब्यात कसली, जहागीरच ती! लकडगंजातून स्वतः निवडून आणलेल्या सागाच्या फळ्यांचं खोलीभर टेबल, त्यावर रूळ, सिग्नल, दोन स्टेशनं, एक पूल. भिंतीवर त्याच्या हातची पाटी: 'हात लावू नये. तेल लावू नये. पाणी आणू नये. शिकायचं असेल तर बसावे.' शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. बाकी सगळी मनाई, आणि मग एकदम पंगतीला बसवल्यासारखं 'बसावे'.

या टेबलावर त्याची दोन इंजिनं धावायची. एक वाफेचं, एक डिझेलचं, प्रत्येकी हातभर लांब. त्यांची चाकं हिंगण्याच्या एका कारखान्यात त्याच्या मित्रानं लेथवर काढून दिलेली. आणि आता मी जे सांगतो ते त्या काळी नागपुरात दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवा मला. दोन्ही इंजिनं एकाच रुळावर उभी असली तरी धकाते पाहिजे त्यालाच चालवायचा. प्रत्येक इंजिनाला एक नंबर होता. पॅनेलवर नंबर दाबला की रुळातून विजेबरोबर हुकूमही जायचा, आणि ज्याचा नंबर तोच हुकूम ऐकायचा. वर पुन्हा इंजिनं बोलायचीसुद्धा. वाफेचं भक्-भक् करायचं, डिझेल घुमायचं, शिट्टी मारायचं, आणि पॅनेलवरचा खटका दाबला की आजारी पडल्यासारखा आवाजही काढायचं. परदेशी मासिकात वाचून, सीताबर्डीच्या दुकानांतून सुटे भाग धुंडाळून, डोळे फोडून त्यानं हे उभं केलं होतं. अहो, आम्हाला अभिमान वाटायचा तो काय उगाच?

पण आवाजाची ही हौस त्याला मुळात का सुचली, ते सांगायला पाहिजे.

त्या दिवसांत वाफेची इंजिनं एकामागून एक बंद होत होती. अर्धं आयुष्य कोळशाच्या धगीसमोर काढलेले ड्रायव्हर आमच्याकडे डिझेल शिकायला यायचे. आम्ही त्यांना बाकावर बसवून भिंतीवरचे तक्ते दाखवायचो. लाल रेघ तेलाची, निळी पाण्याची. वाघासारखी माणसं त्या रेघांसमोर गोगलगाय व्हायची. धकाते मागच्या बाकावर बसून हे पाहायचा आणि चहाच्या वेळेला माझ्यावर तापायचा.

"पंडित, ह्या माणसायनं इंजिन कशानं चालवलं इतके वर्ष? कानानं! आवाज बदलला का यायले समजते, कोठं दुखून राहिलं त्याचं. कानानं शिकलेल्या माणसाले तुम्ही रंगीत रेघा काहून दाखवता बे?"

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"आवाज आणतो मी," तो म्हणाला. आणि आणला.

हे कानाचं वेड त्याच्या घरातूनच आलेलं. धकाते उमरेडचा, कोष्ट्याच्या घरचा. घरात हातमाग होते. त्याचा बाप ओसरीवर बसून पान लावता लावता आत ओरडायचा, "तिकडच्या मागाचा धागा तुटला, पाह्य!" आणि खरंच तुटलेला असायचा. मागाचा खटखटाट चुकला की म्हाताऱ्याच्या जेवणाचा घास थांबायचा. धकातेचं सगळं शास्त्र तिथूनच निघालं होतं. बिघाड शोधायचा त्याचा एकच मंत्र होता. "एका वेळी एकच धागा ओढ. दोन ओढले का गुंता झालाच समज." हा मंत्र तो इंजिनापुरता ठेवायचा नाही. एकदा घरी माझं बायकोशी रेडिओवरून वाजलं, त्यात मध्येच माझ्या आईचा विषय निघाला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून बसलेलो पाहून त्यानं सगळं काढून घेतलं आणि म्हणाला, "आधी रेडिओचं मिटव. आईचं मंग पाहू. एक धागा, पंडित, एक धागा!" सांगायला हरकत नाही, मिटलं.

आवाज आणला खरा, पण त्या आवाजानं त्याला रडकुंडीला आणलं. पहिल्या उन्हाळ्यात डिझेल इंजिन अधूनमधून चर्र-चर्र करायला लागलं, कढईत मोहरी तडतडावी तसं. धकातेनं तार बदलली, चर्र. डाक लावलेले जोड तपासले, चर्र. मग एका दुपारी वीज गेली आणि आली. इंजिन चालू झालं, आवाज साफ! कूलर मात्र अजून कोणी लावला नव्हता. धकाते उठला, कूलर लावला, चर्र. बंद केला, साफ. कूलरच्या मोटरच्या ठिणग्या इंजिनाच्या गळ्यात जाऊन बसत होत्या. सापडलं म्हणून त्याला जो आनंद झाला! पण मे महिना होता हो! नागपूरचा मे महिना. बाहेर झाडावरचा कावळाही चोच उघडी टाकून बसलेला. "कूलर का इंजिन?" त्यानं वर्गाला विचारलं. वर्ग एका आवाजात म्हणाला, "कूलर!" धकाते म्हणाला, "बरं, मंग इंजिन." कूलरची मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत पोट्टे घामानं निथळत शिकले आणि हा पठ्ठ्या मानेवर ओला पंचा टाकून शिकवत राहिला.

मग स्पीकरचं प्रकरण. एवढाच स्पीकर, इंजिनामागच्या डब्यात बसवलेला, आणि डिझेलचा आवाज यायचा कोंबडं आरवल्यासारखा. धकातेनं शोध लावला की स्पीकरला बंद पेटी पाहिजे, मोकळ्यावर तो ओरडतो, पेटीत घुमतो. झालं! घरातल्या डब्या एकेक करून शाळेत यायला लागल्या. चहाची, हिंगाची, काजळाची. शेवटी दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत आवाज बसला, आणि डबीचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून त्यानं बापाच्या मागावरच्या कापडाचं अस्तर लावलं. "माझ्या घरात आता मीठसुद्धा कागदात बांधून ठेवावं लागते," त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली. पण इंजिन घुमलं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आता त्याचा एक मोठा अवगुण. धकाते चुकत नसे. म्हणजे चुकायचा, सगळ्यांसारखाच चुकायचा, पण कबूल म्हणून करायचा नाही. एकदा पॅनेलच बंद पडलं. तो म्हणाला, ट्रान्सफॉर्मर गेला. मी सहज म्हटलं, "फ्यूज पाहिला का?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान माझ्या वर्गावर गेलो. त्यानं अख्खा ट्रान्सफॉर्मर उघडला, सगळं काढलं, सगळं लावलं, आणि गेला होता फ्यूज. मग किती तरी दिवस हा माझ्याशी बोलेना. शेवटी कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्याची बशी घेऊन समोर येऊन बसला. "पंडित, मी त्या दिवशी म्हणलो होतो ना का फ्यूज पाहून घ्या म्हणून?"

"तू नाही, मी म्हणालो होतो."

"थेच तर! तुले सुचलं काहून? माह्यासंग राहून राहून सुचलं."

मी पोहे खाल्ले.

देवाधर्माचंही तसंच. खंडेनवमीला आमची अख्खी शाळा आपापल्या स्कूटरी-सायकली धुऊन झेंडूचे हार घालायची, हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची. धकाते त्या दिवशी स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासत बसायचा. "हे पाह्य, ही खरी पूजा. तुमच्या गाडीच्या नाकावर हार आणि पोटात कचरा." सगळी शाळा ऐकत असायची. आणि प्रसादाच्या खोबऱ्याला मात्र हात पहिला याचा.

असा हा माणूस. आणि अशा या माणसाच्या वर्गात किसन लांजेवार आला.

लांजेवार कुहीकडचा, धानाच्या गावातला. पोरवयात इंजिनावर कोळसा टाकायला लागला आणि चढत चढत वाफेच्या गाडीचा ड्रायव्हर झाला. पन्नाशीला टेकलेला, रंगानं त्याच्या इंजिनाइतकाच काळा, बोलायला मोजका. डिझेलच्या परीक्षेत तो दोनदा नापास झालेला. तिसरी खेप शेवटची. यात गेला की त्याला गाडीवरून उतरवून शेडमध्ये टाकणार, झाडलोट करायला आणि सामान उचलायला. आमच्याकडे अशी दोन-तीन माणसं होती. शेडच्या दाराशी उभी राहून जाणाऱ्या गाड्यांकडे पाहायची. त्यांच्याकडे मला पाहवायचं नाही.

लांजेवारला काही येत नव्हतं असं नाही. तक्त्यासमोर उभा केला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. मी स्वतः त्याला सोप्यात सोपं विचारून पाहिलं. घाम पुसत राहिला, बस. धकातेनं हे पाहिलं आणि संध्याकाळी त्याला मॉडेल रूममध्ये घेऊन गेला. मीही गेलो मागं. आधी त्यानं वाफेचं इंजिन सोडलं. भक्-भक् करत ते पुलावरून आलं आणि लांजेवारचा चेहराच बदलला.

"साहेब, हे तं बोलते!"

"बोलते ना? आता ह्याचा भाऊ काय बोलते थे ऐक," धकाते म्हणाला आणि त्यानं डिझेलचा नंबर दाबला.

त्या दिवसापासून वर्ग सुटला की दोघं तिथं बसायचे. धकाते एकेक नॉच चढवायचा, म्हणजे इंजिनाचा जोर एकेक पायरी वाढवायचा, आणि लांजेवारनं डोळे मिटून पायरी सांगायची. मग धकाते खटका दाबून इंजिन आजारी पाडायचा. डिझेलचा आवाज एका जागी न राहता वर-खाली, वर-खाली व्हायला लागला की त्याला 'हंटिंग' म्हणतात. लांजेवार ऐकायचा आणि म्हणायचा, "साहेब, याचं मन लागून नाही राहिलं."

"बरोबर! पण परीक्षकाले मन नको सांगू. नाव सांग."

"हंटिंग."

"जोरानं!"

"हंटिंग, साहेब!"

बाहेर व्हरांड्यात मला ऐकू यायचं. हळूहळू जोर येत गेला त्या आवाजात. धकातेनं प्राचार्यांच्या मागं भुणभुण लावून मंजुरी मिळवली, की या खेपेला लांजेवारची तोंडी परीक्षा तक्त्यावर नाही, मॉडेलवर घ्यायची. प्राचार्य म्हणाले, "चालेल, पण मॉडेल बंद पडलं तर परीक्षा तक्त्यावर. परीक्षक बाहेरचे आहेत, त्यांना थांबवता येणार नाही." धकाते म्हणाला, "माझं इंजिन बंद पडत नाही." शिवाय त्याला दुसरीही आशा होती. मॉडेल पसंत पडलं तर ते मुख्यालयाच्या प्रदर्शनात जाणार होतं, करणाऱ्याच्या नावाच्या पितळी पट्टीसकट. पट्टी कुठं बसवायची ती जागा यानं टेबलाच्या कडेला आधीच तासून ठेवलेली. मी चिडवलं तर म्हणाला, "तयारी असावी माणसाची."

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. सकाळी परीक्षक आले, हिंदी बोलणारे, वक्तशीर, मनगटावरचं घड्याळ सारखं सारखं पाहणारे. प्राचार्य आले. मी नियमांचे प्रश्न विचारायला होतो. लांजेवार धुतलेला गणवेश घालून, टोपी हातात धरून उभा. धकातेनं कौतुकानं डिझेल रुळावर ठेवलं आणि नंबर दाबला.

इंजिन निघालं. आवाज आला, आणि तुटला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा तुटला. भाषणाला उभ्या राहिलेल्या माणसानं "सभ्य स्त्री-पुरुषहो" म्हणावं आणि परत परत तेवढंच म्हणत राहावं, तसं चाललेलं. इंजिन गरगर पळतंय, आवाजाचा मात्र जन्मच होत नाही.

लांजेवारकडे पाहिलं तर त्याचा चेहरा राखेसारखा झालेला.

"ये क्या है?" परीक्षकांनी विचारलं. "नहीं चल रहा तो चार्ट पर ले लेते हैं।"

"पाच मिनिट साहेब," धकाते म्हणाला. त्याच्या आवाजात घाई नव्हती. हेच तर पाहण्यासारखं होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं इंजिन आपटलं असतं, चार तारा एकदम उपटल्या असत्या. धकातेनं डिझेल उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच रुळावर वाफेचं सोडलं. भक्-भक्, अखंड, कुठं खळ नाही. "रूळ चांगले, पॅनेल चांगलं," तो स्वतःशीच पुटपुटला. मग डिझेलमागचा दंतमंजनाचा डबा काढून वाफेच्या मागं लावला. आवाज साफ. "स्पीकर चांगला." परीक्षक आता घड्याळ सोडून त्याच्या हातांकडे पाहायला लागले होते. "म्हणजे दुखणं पायात आहे," धकाते म्हणाला आणि त्यानं डिझेल उलटं केलं.

चाकं लाल-पिवळी झालेली. तेलात कालवलेलं हळदकुंकू चाकांच्या कडेला मेणासारखं बसलेलं, आणि चाकाची वीज वर नेणाऱ्या पितळी पट्ट्यांच्या फटीत एक अक्षता, तांदळाचा अख्खा दाणा. चाक थोडं फिरलं की वीज मिळायची, थोडं फिरलं की कुंकवाच्या थरावर तुटायची. मोटर आपल्या वेगात पुढं जायची, पण आवाजाची यंत्रणा बिचारी प्रत्येक वेळी नव्यानं जागी व्हायची.

प्राचार्य गरजले, "हा आचरटपणा कोणी केला? सरकारी मॉडेलवर? परीक्षेच्या तोंडावर?"

मला लांजेवारचे हात दिसले. टोपी मुठीत चुरगाळली होती. तो एक पाऊल पुढं आला, तोंड उघडलं. आणि मला लख्ख कळलं. दर दसऱ्याला वाफेचा ड्रायव्हर आपल्या इंजिनाला कुंकू लावतो, चाकात तेल घालतो, पुढ्यात नारळ फोडतो. या वर्षी याच्या हाताखाली इंजिन कुठं होतं? त्यानं चौकीदाराकडून चावी मागून घेतली असणार आणि ज्याच्यावर आता त्याची सगळी भिस्त होती त्या इंजिनाची भक्तिभावानं पूजा केली असणार. आता हे त्यानं परीक्षकांसमोर कबूल केलं की संपलं. परीक्षा राहिली बाजूला, मोडतोडीची चौकशी लागली असती.

"मी केली," धकाते म्हणाला.

प्राचार्यांना ऐकू आलं नाही बहुतेक. "कोण?"

"मी. दसरा होता. पूजा केली. चूक माझी आहे."

चूक माझी! इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी जोडीनं ऐकले नव्हते. खंडेनवमीला प्लग घासणारा धकाते! खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा माणूस हळदकुंकवाच्या वाटेला जात नाही. प्राचार्यांनाही माहीत होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, लांजेवारच्या टोपीकडे पाहिलं, पण बाहेरच्या माणसासमोर बोलणार काय?

"मॉडल रूम का इंचार्ज खुद?" परीक्षकांनी मान हलवली. "ये रिपोर्ट में जाएगा।"

"जाऊ द्या," धकाते म्हणाला. "आता मले स्पिरिट आणि स्वच्छ कापड द्या."

त्यानं चाकं पुसली, फटीतला तांदूळ चिमट्यानं काढला, पितळी पट्ट्या एकेक करून साफ केल्या. लांजेवार बाजूला नुसता उभा, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसायचंही भान नाही. धकातेनं मान वर न करता त्याला दटावलं, "ड्रायव्हर साहेब, डोळे कोरडे करा. कान उघडे पाह्यजेत." मग इंजिन रुळावर ठेवलं, नंबर दाबला, आणि ते घुमलं. एकसारखं, भरदार, पुलावरून जाताना तर खिडकीच्या काचा थरथरल्यासारख्या वाटल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मीही परीक्षा घ्यायला बसलेला माणूस होतो.

परीक्षकांनी स्वतः नॉच चढवले-उतरवले. लांजेवार डोळे मिटून सांगत गेला. दोन ठिकाणी चुकला, सुधारला. मग परीक्षकांनी खटका दाबला. आवाज वर-खाली, वर-खाली.

"ये क्या हुआ?"

लांजेवार थांबला. धकाते खिडकीबाहेर पाहत होता, जसं काही याचं त्याला घेणंदेणं नाही.

"हंटिंग, साहेब!" लांजेवार इतक्या जोरानं म्हणाला की व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला.

लांजेवार पास झाला. गुण काही डोंगराएवढे नव्हते, पण पास म्हणजे पास. रिपोर्टही गेला. धकातेला लेखी समज मिळाली आणि मॉडेल प्रदर्शनाच्या यादीतून बाहेर पडलं. 'देखभालीत निष्काळजीपणा' असं काही तरी कारण होतं. टेबलाच्या कडेला तासलेली जागा तशीच रिकामी राहिली. ती पाहिली की मला संताप यायचा. शेवटी एका दुपारी मी त्याला गाठलंच.

"धकाते, खोटं काहून बोललास?"

"खोटं कोठं बोललो?" तो माझ्यावरच उसळला. "कुलूप कोणाचं? माह्यं. रूम कोणाची? माही. पाटीवर तेल लिहिलं, पाणी लिहिलं, कुंकू कोणी नाही लिहिलं? मी! मंग चूक कोणाची झाली?"

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी पाटीवर एक ओळ वाढली होती: 'कुंकू लावू नये.' तेवढ्यावर थांबेल तर धकाते कसला! थोड्याच दिवसांत त्यानं इंजिनाच्या पोटात विजेची एक लहानशी साठवण बसवली, घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखी. चाकाखाली क्षणभर वीज तुटली तरी आवाज तुटू नये म्हणून. "आता करा पूजा," तो मला म्हणाला, "अभिषेक नका करू फक्त." लांजेवार एकदा पाया पडायला आला तेव्हा मात्र त्याला दारातूनच हाकललं. "पाया पडतो म्हणे! गाडी चालव जा!" आणि तो गेल्यावर बराच वेळ पॅनेलवरचे खटके उगाचच पुसत बसला.

पुढं काही वर्षांनी धकाते निवृत्त झाला आणि उमरेडला राहायला गेला. त्यानंतर तो मला एकदाच भेटला. जावयाला पोचवायला नागपूर स्टेशनवर आला होता. जावयाची गाडी सुटली, आणि आम्ही दोघं फलाटाच्या टोकाला बोलत उभे राहिलो. केस पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड झालेली, बाकी सगळा तोच. हवाई चप्पल तेवढी नवीन. मधल्या रुळावरून एक मालगाडी यायला लागली, पुढं डिझेल इंजिन. ते जवळ आलं आणि खिडकीतला माणूस ताडकन उठून उभा राहिला. लांजेवार! त्यानं धकातेला ओळखलं. डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली, मान वाकवली. मला वाटलं, आता मारेल, आता तरी मारेल एक लांब शिट्टी. इंजिन आमच्यासमोरून घुमत गेलं. मागून वाघिणी, वाघिणींमागून वाघिणी. शिट्टी काही आली नाही.

मला वाईटच वाटलं. म्हटलं, "एवढं केलंस त्याच्यासाठी. एक शिट्टी तर मारायची होती लेकाच्यानं!"

धकाते माझ्याकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काहून मारन? सिग्नल मोकळा, पटरीवर कुत्रं नाही, माणूस नाही. विनाकारण शिट्टी मारन काय तो?" मग त्यानं चष्मा काढला, पंच्यानं डोळे पुसले आणि शेवटची वाघीण दिसेनाशी होईपर्यंत त्या बाजूला पाहत राहिला. "माहा विद्यार्थी आहे तो, पंडित."